उपाशीपोटी ऐकायची गोष्ट

"आज जेवण न्हाई, सायेब," द्वारकाबाई म्हणाल्या आणि सवयीनं मांडलेला माझा पाट उचलून त्यांनी भिंतीला उभा केला.

मी हात धुऊन आलो होतो. चुलीवर काहीतरी रटरटत होतं आणि त्यावर नुकतीच लसणाची फोडणी पडली आहे, एवढं मला उंबऱ्यातच कळलं होतं.

"नाही म्हणजे? उशीर आहे का अजून?"

"उशीर न्हाई. न्हाईच."

"स्वयंपाक तर चाललाय."

"चाललाय. तुमच्यासाठी न्हाई."

इतकं स्वच्छ वाक्य त्याआधी मी एकदाच ऐकलं होतं, आमच्या संपादकांच्या तोंडून. त्या दिवशी माझं सदर बंद झालं होतं.

कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई, गयाबाई, पीठ मळत होत्या. तीन दिवस या बाईंनी मी दोन्ही हात ताटावर आडवे धरलेले असताना बोटांच्या फटीतून भाकरी सरकवली होती. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"गयाबाई, निदान चहा?"

"पाणी प्या," परातीतून मान वर न करता त्या म्हणाल्या. "पाण्याला काई न्हाई."

पाणी प्यालो आणि बाहेर पडलो.

हे गाव हिवरदरा. बालाघाटाच्या डोंगरातलं. तिथे सीताफळ रानासारखं वाढतं आणि बाकी फारसं काही वाढत नाही, म्हणून दसरा झाला की गाव उठून ऊसतोडीला जायचं. साखर कारखान्याच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरतात. लग्नानंतर दोघं एकरूप होतात असं पुराणांत नुसतं लिहून ठेवलंय. कारखान्यांनी ते करून दाखवलं.

महासाथीच्या वर्षी ही माणसं उसाच्या फडातच अडकली. द्वारकाबाई आणि त्यांचे यजमान बंकट घोळवे यांनी टाळेबंदी कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, काढली आणि मग चालत गाव गाठलं. रस्त्यात कुणीतरी त्यांचा फोटो काढला. तो छापून आला, फिरत फिरत सातासमुद्रापलीकडे गेला आणि तिथल्या एका मोठ्या निधीला वाईट वाटलं. निधीला वाईट वाटलं की तो संस्था शोधतो, संस्थेला निधी सापडला की ती गाव शोधते. अशा रीतीनं साथ ओसरल्यावर हिवरदऱ्यात 'महासाथोत्तर सर्वसमावेशक व शाश्वत आर्थिक विकास प्रकल्प' आला. त्याचा फलक वेशीच्या कमानीत मावेना, म्हणून शाळेच्या भिंतीवर दोन ओळींत लावला होता.

प्रकल्प म्हणजे सीताफळाचा गर काढायचं युनिट. गुलाबी इमारत, एक यंत्र आणि माणूस पाय पसरून झोपेल एवढा फ्रीजर. बायकांनी गर काढायचा, तो देशभर जायचा, घरोघर पैसा यायचा आणि कुणाला ऊस तोडायला जावं लागायचं नाही. आणि गंमत म्हणजे तसं घडलं होतं. साथीनंतर हिवरदऱ्यातून एकही कोयता बाहेर पडला नव्हता. शेजारची गावं दसऱ्यानंतर ओस पडत, हिवरदरा भरलेलं राही. तेव्हा निधीनं ठरवलं की हे गाव आता स्वयंपूर्ण झालं. महिनाअखेरीला प्रकल्प समारंभपूर्वक बंद करायचा, आणि त्याआधी एक यशोगाथा छापायची.

ती लिहायला मला पाठवलं होतं. तीस वर्षं मी एका दैनिकात विनोदी सदर लिहीत असे. संस्थेच्या संचालकांना वाटलं, पुस्तिका हलकी व्हावी. मला वाटलं, मानधन जड आहे. आमचं जमलं.

"काका, तुम्ही फक्त ह्यूमन टच द्या," तालुक्याचा समन्वयक प्रणव मला गावात सोडताना म्हणाला. चांगला मुलगा, पण सदैव फोनवर. "इम्पॅक्ट आमच्याकडे रेडी आहे."

माझी सोय द्वारकाबाईंकडे होती. प्रकल्प बघायला येणाऱ्यांचं जेवण त्याच करायच्या, आणि प्रकल्प बघायला कोण येत नव्हतं? मूल्यमापनवाले, बँकवाले, विद्यापीठातली पोरं, त्यांचे प्राध्यापक, मग प्राध्यापकांचे परदेशी मित्र. घाटातून वर येईपर्यंत सगळ्यांना भूक लागलेली असायची. गाडी थेट द्वारकाबाईंच्या दारात थांबायची, जेवता जेवता मुलाखती व्हायच्या, जेवण झालं की युनिटसमोर फोटो, आणि गाडी घाट उतरायची.

माझंही काम तसंच चाललं होतं.

"द्वारकाबाई, गर चांगला निघतो का?" मी पहिल्या दिवशी पिठल्याचा घास घेत विचारलं.

"लई."

"बाहेर मागणी आहे?"

"हाय की. खा तुम्ही."

"यंत्राचा काही त्रास?"

"कशाचा आलाय तरास? आत्याबाई, सायबांना ठेचा वाढा."

तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला एक प्रश्न विचारला. तेव्हा माझं तोंड वांग्यानं भरलेलं होतं.

"सायेब, तुमचं पुस्तक झालं की गाड्या यायच्या बंद?"

"बंद," मी घास गिळून समाधानानं म्हणालो. "आता तुम्हाला कुणाची गरजच राहिली नाही."

त्यांनी माझ्या ताटात आणखी वांगं घातलं. बाहेर ओट्यावर बंकटराव कुणाशी तरी बोलत होते. "सुक्करवारपर्यंत सांगतो, मामा." तो 'मामा' म्हणजे लिंबाजी मुकादम, ऊसतोडीच्या टोळ्या गोळा करणारा. रोज सकाळी मोटारसायकल मारुतीच्या पारापाशी लावून तो दिवसभर बसून राही. स्वयंपूर्ण गावात मुकादम कशाची वाट बघत बसलाय, हा विनोद माझ्या लक्षात आला होता. मी तो पुस्तिकेत वापरायचं ठरवलं होतं. हा माणूस जुन्या काळाचं प्रतीक वगैरे.

आणि चौथ्या दिवसाच्या दुपारी माझा पाट भिंतीला लागला.

मी किसन दुकानदाराकडे गेलो. "एक बिस्किटाचा पुडा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुड्यांच्या बरणीकडे पाहिलं. "संपले."

"हे काय दिसतायत?"

"हे इकायचे न्हाईत."

"मग कशासाठी ठेवलेत?"

"दुकान भरलेलं दिसावं म्हणून," तो म्हणाला, आणि बरणी माझ्या नजरेआड सरकवली. "सायेब, रागावू नका. द्वारकाक्कानं सांगितलंय."

पुढच्या बोळात शकिलाबींचं घर होतं. त्यांच्या अंगणात कोंबड्या, टोपलीत अंडी. मी टोपलीकडे बघत थांबलो तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "अंडी हायेत, पण आज उकडायची न्हाईत, भाईसाब," आणि टोपलीवर पदर घातला.

मग मात्र मला घाम फुटला. हा बहिष्कार होता. तीस वर्षांत माझ्यावर दोन मंत्री, एक महामंडळ आणि ज्योतिषांची एक संघटना रागावली होती, पण जेवण कुणी तोडलं नव्हतं. मी काय केलं असेल? काल गयाबाईंना विचारलं होतं की तुम्ही शाळेत का गेला नाहीत. ते लागलं असेल? की परवा त्यांच्या म्हशीला मी रेडा म्हणालो होतो ते? प्रणवला फोन लावला. तो जिल्ह्याच्या गावी कसल्याशा कार्यशाळेत होता. "काका, लंच ब्रेकमध्ये बोलतो," तो कुजबुजला. त्याच्या मागे ताटांचा आवाज येत होता. मी फोन बंद केला.

पारावर लिंबाजी मुकादम शेंगा सोलत बसला होता. सगळ्या गावात खाणारं तोंड तेवढं एकच.

"या सायेब, बसा. सुकलेत तुम्ही," तो म्हणाला, आणि ओंजळभर शेंगा माझ्यापुढे केल्या. "घ्या."

मी हात पुढे करून त्या घेतल्या. तेवढ्यात पलीकडच्या बोळातून बंकटराव धोतराचा सोगा धरून धावत आले.

"खाऊ नका! सायेब, खाऊ नका!"

शेंगा माझ्या हातून सांडल्या. "का? काय आहे त्यात?"

"शेंगा हायेत," बंकटराव धापा टाकत म्हणाले. "पण खाऊ नका. चला माझ्यासंगं."

"कुठे?"

"युनिटच्या मागं. समद्या बाया जमल्यात. लई उशीर केला तुम्ही, उपाशी कुठं कुठं फिरायलात?"

युनिटच्या मागे एक मोठा लिंब होता. त्याखाली बायका बसल्या होत्या: द्वारकाबाई, गयाबाई, शकिलाबी, बौद्धवाड्यातल्या सुलोचनाबाई आणि आणखी कितीतरी. मधोमध माझ्यासाठी सतरंजी. फाशीच्या माणसालाही इतक्या आदरानं बसवत नसतील.

"काई खाल्लं तर न्हाई ना?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तुम्ही गावात काही शिल्लक ठेवलंय का?"

"मुकादमाच्या शेंगा?"

"हातातूनच सांडल्या."

गयाबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या गालाकडे बारकाईनं बघू लागल्या. "तोंड हलायलंय. काय हाय तोंडात?"

"सुपारी आहे हो. सकाळची."

"थुका."

"गयाबाई, सुपारी म्हणजे काही जेवण नव्हे."

"गिळता का न्हाई रस? मग थुका. चूळ भरा."

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी वीस-पंचवीस बायकांसमोर सुपारी थुंकून चूळ भरली. गयाबाईंनी मला 'आ' करायला लावलं, आत बघितलं आणि जागेवर जाऊन बसत म्हणाल्या, "आता सांगा गं."

"काय सांगा?" मी म्हणालो. "मी केलंय तरी काय?"

"तुम्ही काई केलं न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्यात ताटावरल्या माणसाला वाईट सांगत न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस खायला बसला की त्याच्या कानावर वंगाळ गोष्ट घालायची न्हाई. तो भरल्या ताटावरून उठला तर? त्या घरच्या चुलीला लागतं ते."

"माझ्या थोरल्या दिराला जेवताना कळलं, बैल मेला म्हणून," गयाबाई म्हणाल्या. "हातातला घास टाकून उठले. पुन्यांदा त्यांना कदी अन्न गोड लागलं न्हाई. बाराच्या बारा वर्सं माझ्या जावंच्या सैपाकाला नावं ठेवत मेले."

"बरं, मग मला जेवणाआधी सांगायचं. जेवणानंतर सांगायचं. चार दिवस आहे मी इथे!"

"कधी?" द्वारकाबाई एकदम उसळल्या. "सकाळी उठलात की चहा. चहा झाला की पोहे. पोह्याची बशी ठिवली की शकिलाबी पेरू घेऊन हजर, की पाव्हणे आलेत. पेरू खात खात तुम्ही इच्यारणार, यंत्र कसं हाय? आता पेरू खाणाऱ्याला आम्ही काय सांगावं?"

मी आठवून पाहिलं. हिवरदऱ्यात मी आजवर एकही प्रश्न रिकाम्या हातानं विचारला नव्हता. आणि माझ्याआधी आलेल्या एकूण एक पाहुण्यानं तेच केलं होतं. 'लाभार्थी पूर्ण समाधानी' असं प्रत्येक अहवालात का लिहिलेलं होतं, ते मला आत्ता, सुपारी थुंकल्यावर कळलं.

"म्हणजे वाईट काहीतरी आहे," मी म्हणालो.

मग जे सुरू झालं ते काही थांबेना. तीन वर्षं साठलेलं होतं ते.

"यंत्र चालत न्हाई."

"चालतं, पाव्हणे आले की. मोकळंच फिरवतो."

"लाईट यायची रात्री. तवर गर काळा पडायचा."

"काळा गर कोण घेतंय? पहिल्याच साली घमेली भरून म्हशीला घातला."

"म्हशीनं बी दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं."

"पण मी बासुंदी खाल्ली की इथे," मी म्हणालो. "परवाच. सीताफळाची. इथल्या गराची म्हणून."

सुलोचनाबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी बंकटराव म्हणाले, "तो गर शहरातून येतो, सायेब. प्रणवसायेब आणतेत. डब्यावरचा कागद तेवढा आम्ही काढतो."

जो गर हे युनिट देशभर पाठवणार होतं, तो देशातून या युनिटकडे येत होता.

"आणि फ्रीजरमध्ये काय आहे?"

"कोथमीर," द्वारकाबाई म्हणाल्या. "मिरच्या. सोललेल्या दोन कोंबड्या. लई झ्याक ऱ्हातं त्यात, खोटं कशाला बोलू."

मी सतरंजीवर सरसावून बसलो. भूक विसरलो नव्हतो, पण ती आता मागे जाऊन उभी राहिली होती. "मग सांगा मला, यंत्र चालत नाही, गर निघत नाही, तर तुम्ही ऊस तोडायला का गेला नाहीत? तीन हंगाम गावात बसून खाता कशावर?"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आणखी एकदा म्हशीला रेडा म्हणालो होतो.

"तुमच्यावर," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर?"

"तुमच्यावानी येणाऱ्यांवर. आठवड्याला दोन-तीन गाड्या. दर ताटामागं संस्था देती. माझ्या एका चुलीवर एवढ्या भाकरी होईनात, मग घरं वाटून दिली. अंडी-कोंबडी शकिलाबीची. भाजी सुलोचनाबाईच्या परसातली. दूध दगडूच्या घरचं. पत्रावळ्या आमच्या धाकल्या जावंच्या. ज्याला काईच येत न्हाई तो गाड्या उभ्या करायला. समद्या गावाच्या हाताला काम हाय."

"सुलोचनाच्या हातची भाकरी आधी आमच्या चुलीपाशी येत नव्हती," गयाबाई एकदम म्हणाल्या. "मग ते लांबचे गोरे पाव्हणे आले, अन् भाकरी कमी पडली. पाव्हणा ताटावर बसलेला. आता तिथं मी काय इच्यारत बसू, कुणाच्या घरची?" त्यांनी क्षणभर थांबून सुलोचनाबाईंकडे पाहिलं. "बरी करती. जरा जाड करती."

"तुमच्या हातचं कालवण बी जरा पाणचटच असतंय, मावशी," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि लिंबाखाली हशा पिकला.

प्रकल्पाच्या कागदांत 'सर्वसमावेशक' हा शब्द प्रत्येक पानावर होता. तो असा जाड भाकरीवरून गावात शिरला होता, आणि त्याची कुणी नोंद केली नव्हती, कारण त्या वेळी सगळे जेवत होते.

"आता गाड्या बंद झाल्या, की सुक्करवारी मुकादमाची आगाऊ उचल घ्यायची," द्वारकाबाई म्हणाल्या. हसू ओसरलं होतं. "पोरीची सातवी अर्धी टाकून तिला फडात न्यायची. मी पुन्यांदा त्या कोपीत जाणार न्हाई असं ठरीवलं होतं, सायेब. म्हणून आज तुमाला उपाशी ठिवलं. आता खरं लिहा. युनिट बंद हाय म्हणून लिहा. मग ते बंद करायचे न्हाईत."

मी डोक्याला हात लावला. या बायांनी माझं एक जेवण चुकवून सत्य माझ्या पदरात टाकलं, पण सत्याचा बाजारभाव त्यांना ठाऊक नव्हता.

"द्वारकाबाई, ऐका. प्रकल्प यशस्वी झाला असं लिहिलं, तर काम झालं म्हणून बंद होईल. अयशस्वी झाला असं लिहिलं, तर काम झालं नाही म्हणून बंद होईल. उलट अजून लवकर."

"म्हणजे पास झालं तरी शाळेतून काढणार, अन् नापास झालं तरी?" बंकटराव म्हणाले.

"हो."

"मग शाळेत ऱ्हातंय तरी कोण?"

बंकटराव हे सहज म्हणाले, पण मला एकदम कंठ फुटला. कारण आयुष्यभर मी सरकारी कचेऱ्या, महामंडळं आणि आयोग यांच्याच सावलीत चरलो होतो, आणि या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"मास्तर," मी म्हणालो. "शाळेत कायम मास्तर राहतात. आपण मास्तरांना बोलवू."

त्याच लिंबाखाली, गुडघ्यावर वही ठेवून, मी पुस्तिकेऐवजी दोन पानांचं टिपण लिहिलं आणि वाक्यावाक्याला वाचून दाखवलं. हिवरदऱ्याच्या युनिटमधून गर निघत नाही. हिवरदऱ्यातून स्थलांतर होत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या का असाव्यात, याचं कारण प्रकल्पाच्या कोणत्याही कागदपत्रात सापडत नाही. विकासाच्या प्रचलित सिद्धान्तांपुढे हे गाव एक कोडं आहे. प्रकल्प बंद केल्यास हे कोडं कायमचं अनुत्तरित राहील. सखोल अभ्यासाची नितांत गरज आहे.

त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. माझ्या लेखनात असं प्रथमच घडत होतं.

"अभ्यासाला येऊन दुपारी परत जायचे का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काय करूया?"

"मुक्कामाचं लिहा."

मी लिहिलं, अभ्यासकांनी गावात मुक्काम करणं इष्ट.

"नाष्टा बी धरा," गयाबाई म्हणाल्या.

मी लिहिलं, दिनचर्येचं निरीक्षण सकाळपासून व्हावं.

"झालं?" द्वारकाबाई उठल्या आणि लुगडं झटकलं. "चला आता जेवायला. कवापासून लसणाचं कालवण करून ठिवलंय तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? तुम्ही तर म्हणालात—"

"मग उपाशी कसे ऱ्हायला असता तुम्ही?"

जेवताना मी सहज विचारलं, "काय हो, ते यंत्र दुरुस्त होण्यासारखं आहे का?"

"झ्याक चालतंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "खा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी प्रणव आला. त्यानं टिपण वाचलं आणि तो पांढराफटक पडला.

"काका, हे काय? गर शून्य असं लिहिलंत?"

"शून्य."

"आणि मायग्रेशन?"

"तेही शून्य. दोन्ही तुमच्याच आकड्यांत आहेत. नीट बघा, गर किती निघाला त्याचा रकाना तुम्ही दर वेळी रिकामाच सोडलाय."

"पण मग लोक राहिले कशामुळे?"

"तेच तर कोडं आहे, असं लिहिलंय."

"माझी नोकरी जाईल, काका. तीन वर्षांचं काम आहे माझं!"

"प्रणव," मी म्हणालो, "यशोगाथा छापली तर महिनाअखेरीला तुझं पद यशस्वीरीत्या संपतंय. कोडं सोडवायचं ठरलं, तर ते सुटेपर्यंत गावात समन्वयक लागेल."

त्यानं टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तो अत्यंत आदरानं, देवाचं नाव घ्यावं तसं म्हणाला, "फेज टू."

त्यानं ते तिथूनच निधीला धाडलं. गुरुवारी काहीच आलं नाही. शुक्रवारी सकाळी लिंबाजी मुकादम मोटारसायकल फुरफुरवत द्वारकाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. ती त्यानं बंद केली नाही.

"बोला बंकटराव. होय का न्हाई? होय म्हणा, अन् अंगठा द्या. न्हाई म्हणा, की मी चाललो. दुसऱ्या गावच्या टोळ्या वाट बघायल्यात."

बंकटराव ओट्यावर उभे होते. आतल्या खोलीतून पोरीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. द्वारकाबाई दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं. मी प्रणवकडे पाहिलं. प्रणवनं फोनकडे पाहिलं आणि मान हलवली. बंकटरावांनी ओट्यावरून एक पायरी खाली पाय टाकला.

"थोडं थांबा ना, मामा," द्वारकाबाई म्हणाल्या. "च्या घ्या."

"च्या पाजून थांबवायचं व्हय मला? माझं पेट्रोल जळायलंय." पण चहा म्हटल्यावर तो उतरला. हिवरदऱ्यात चहाला नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. त्यानं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, बशी संपत आली, तसा मी मनातल्या मनात आणखी एक कप मागवला. द्वारकाबाईंनीही तो न मागता ओतला.

दुसऱ्या कपाच्या मध्यावर प्रणवचा फोन किणकिणला. त्यानं वाचलं. परत वाचलं.

"त्यांना फार रस वाटलाय," तो म्हणाला. "बंद करायचं पुढे ढकललंय. दिवाळीआधी पाहणीला टीम येतेय, आणि अभ्यास मंजूर झाला तर... झाला तर बरीच वर्षं."

"माणसं किती?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"अकरा. त्यातले काही शाकाहारी."

"मुक्काम?"

"पाच दिवस."

द्वारकाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग मुकादमाच्या हातातली कपबशी रिकामी होईपर्यंत त्या थांबल्या, ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "लिंबाजीमामा, औंदा न्हाई जमायचं."

"का?"

"पाव्हणे यायलेत."

मुकादम ओट्यावर तसाच बसून राहिला. गावात कुणीच येणार नाही हे त्याला कळलं होतं. पण जन्मभर माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचाच धंदा केलेला गडी, थोड्या वेळानं तो डोकं खाजवत म्हणाला, "अकरा माणसं सामानसुमानासकट घाटातून वर आणायची म्हणजे गाडी लागल की. माझी जीप मोकळीच हाय. इच्यारा की सायबांना."

त्या हंगामात लिंबाजी मुकादमानं ऊसतोडीला एक टोळी कमी नेली.

अभ्यास मंजूर झाला. मग त्या अभ्यासाचा अभ्यास झाला. एका पथकाला हिवरदऱ्याच्या टिकून राहण्यामागे डोंगराची हवा दिसली, एकाला महिलांचं नेतृत्व, एकाला परंपरागत शहाणपण. एका बाईंनी त्यावर पीएच.डी. केली; त्या वर्षभर राहिल्या आणि जाताना जाड भाकरी करायला शिकून गेल्या. खरं कारण कुणालाच सापडलं नाही. त्या सगळ्यांनी ते गावकऱ्यांना विचारलं होतं, पण जेवताना. द्वारकाबाईंची पोर बारावी झाली. हल्ली खानावळीचा कारभार तीच बघते आणि ज्याला त्याला पावती देते.

गेल्या साली माझ्याकडे पलीकडच्या डोंगरातल्या पिंपळदऱ्याचे सरपंच आले. जाडजूड, घाईतला माणूस. सोबत ग्रामसभेचा ठराव, शाल, श्रीफळ.

"हिवरदऱ्याचं समदं तुमच्यामुळं झालं म्हणतेत, सायेब. आमच्या गावाला बी एखादा प्रकल्प आणून द्या. चालणारा पायजे असं काई न्हाई."

"आणू की," मी म्हणालो. "अर्ज सोपा आहे, मी लिहून देतो. पण आधी मला एक सांगा, तुमच्या गावात स्वयंपाकाला हात कुणाचा चांगला आहे?"

सरपंचांनी ठराव टेबलावर ठेवला, घड्याळात पाहिलं आणि किंचित नाराजीनं म्हणाले,

"जेवायचं मागनं बघू हो, सायेब. आधी विकासाचं बोला."